स्टिअरिंगवरची तीन बोटं

सिग्नलला उभे होतो. फोटोग्राफरबाईंनी शेजारच्या सीटवरून हात लांब करून स्टिअरिंगवरचा धुळीचा पट्टा पुसला. आतले फोटो काढायचे होते आणि ऊन नेमकं त्या पट्ट्यावर येऊन बसलं होतं. पुसता पुसता त्यांचा हात तिथेच थांबला. “अहो, केवढी थरथरतेय ही,” त्या म्हणाल्या, “पार कोपरापर्यंत येतंय.” मग हात मागे घेऊन त्यांनी तो दुसऱ्या हाताने जरासा चोळला. मी म्हणालो, “हो, आहे थोडी.” माझे दोन्ही हात त्याच स्टिअरिंगवर होते. मांडीवर वही होती आणि वहीत निघण्यापूर्वी मीच लिहिलेलं होतं: राखाडी, गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू, स्टिअरिंग शांत. ‘शांत’खाली मी रेघसुद्धा मारली होती. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, मी गाडी पुढे काढली. बाई कॅमेऱ्याची काच पुसायला लागल्या. एवढंच झालं. कुणाला सांगायला गेलो तर तो विचारेल, मग पुढे काय झालं? पुढे काही झालं नाही. आम्ही डावीकडे वळलो.

माझा धंदा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून त्यांतली एक निवडायचा आहे. निवडायची दुसऱ्यासाठी. ज्यांच्या खिशात जेमतेम एक गाडी मावते अशा लोकांसाठी आमचं मासिक निघतं. मोठ्या गाड्यांची मासिकं वेगळी, त्यांच्यात समुद्रकिनारे असतात. आमच्यात डिकीत किती बॅगा बसतात ते असतं. बावीस वर्षं मी ह्या बॅगा बसवतोय. या महिन्याला दोन छोट्या एसयूव्ही आहेत. म्हणजे चाकं जरा मोठी आणि छप्पर जरा उंच केलेल्या साध्याच गाड्या. लोकांना बसायचं उंचावर असतं आणि पैसे खालचे द्यायचे असतात, त्यात चूक काही नाही. छापताना नावं छापतो, पण आमच्या बोलण्यात रंगच असतात. एक राखाडी, एक तांबडी. राखाडीला तीन सिलिंडरचं इंजिन, डिकी ऐसपैस, मागे तिघं बसतात आणि उतरल्यावर एकमेकांशी बोलतात. तांबडीला चार सिलिंडर, डिकी चिमुकली, आणि मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत. किंमत जवळपास सारखी. दगडापेक्षा वीट मऊ, यापलीकडचं शहाणपण या धंद्यात लागत नाही. संपादकांचा नियम एकच: बरोबरी चालणार नाही. तक्त्यात वीस ओळी, प्रत्येक ओळीत दोन चौकोन, आणि प्रत्येक ओळीत कुणीतरी जिंकलंच पाहिजे. नवा होतो तेव्हा मी एकदा दोन्ही चौकोनांत ‘ठीक’ लिहिलं होतं. संपादक म्हणाले, “दोन्ही ठीक आहेत हे त्याला शेजारीसुद्धा फुकट सांगतो. चौकोन मोकळा सोडायचा नाही आणि दोन्हीकडे तेच भरायचं नाही. नाही कळलं तर एकात जे नाही ते दुसऱ्यात लिही.” तेव्हापासून मी एकही चौकोन मोकळा सोडलेला नाही.

आवाज मोजायला आमच्याकडे यंत्र आहे, ब्रेकसाठी लांब टेप आहे, गुडघ्याची जागा मी मुठीने मोजतो. थरथरीला मात्र यंत्र नाही. एकदा घ्यायचं चाललं होतं, पण किंमत ऐकून संपादक म्हणाले, तुझी बोटं आहेत की. अंगठा आणि त्याच्या लगतची दोन, अशी तीन बोटं स्टिअरिंगवर नुसती टेकवायची. पकडायचं नाही, पकडलं की हात खोटं बोलतो. डोळे मिटायचे, वीसपर्यंत मोजायचं. कधीकाळी मला यावरून इंजिन कशावर बसवलंय तेसुद्धा सांगता यायचं, रबर कडक आहे की मऊ. वाचकांची पत्रं यायची, तुमच्या बोटांवर भरवसा टाकून घेतली, पस्तावलो नाही. ही विद्या शिकवली कुणी नव्हती. लहानपणी आई पावाचा जाड तुकडा आम्हा दोघांत मोडायची आणि भांडण नको म्हणून दोन्ही अर्धे माझ्या दोन तळव्यांवर ठेवायची. मी डोळे मिटून सांगायचो कुठला जड. मग ताई आधी उचलणार. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी खरं सांगतो हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की कधी उलट तपासून बघितलं नाही. जड तुकडा घेऊन वर म्हणायची, “मापाड्या, तुझं पोट हातात आहे.” घरात माझं नाव मापाड्याच पडलं. आता ते नाव घेणारी ती एकटीच उरली आहे.

बंद पडलेल्या कारखान्यामागे एक सिमेंटचं मैदान आहे, तिथे आम्ही फोटो काढतो. तांबडी तिथे आधीच आणून ठेवलेली होती. बाई बाहेर उतरून उजेड बघत फिरायला लागल्या. मी राखाडीत बसून राहिलो, गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू. तीन बोटं टेकवली, डोळे मिटले, वीस मोजले. काही नाही. चाळीस मोजले. कुठूनतरी खोलीच्या बाहेरून पंख्याचा आवाज यावा तसं काहीतरी मनगटाच्या मागे होतं, पण बोटांत नाही. डोळे उघडले तर खाचेत ठेवलेल्या बाटलीतलं पाणी बारीक बारीक शहारत होतं. म्हणजे गाडी थरथरत होती. पाण्याला कळत होतं, बाईंना कळलं होतं, मला कळत नव्हतं. मी डाव्या हाताची तीन टेकवून बघितली, तीही तशीच. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढे वाकून हनुवटी स्टिअरिंगवर टेकली. दात वाजायला लागले. खालचे सगळे दात, बारीक, न थांबता. म्हणजे तसा मी सगळाच गेलेलो नव्हतो. मी तसाच राहिलो थोडा वेळ, ते दातांतलं वाजणं मला बरं वाटत होतं. काचेवर टकटक झाली. “बरं नाहीये का?” बाई विचारत होत्या. मी म्हणालो, “चेक करतोय.” त्या म्हणाल्या, “हनुवटीने?” मी म्हणालो, “नवीन पद्धत आहे.” त्या हसल्या. मग मी त्यांना तांबडीत बसवलं आणि म्हटलं, तुमची तीन बोटं ठेवा आणि काय वाटतं ते सांगा, वाचकाच्या बाजूने एक मत हवंय. त्या म्हणाल्या, “आज तुमची बोटं सुट्टीवर आहेत वाटतं.” ठेवली. “ही बंद आहे की चालू?” त्यांनी विचारलं. मी वहीत तांबडीच्या चौकोनात ‘किंचित जाणवतं’ असं लिहिलं होतं. बोटांना दोन्ही सारख्याच लागल्या होत्या, आणि कुणीतरी जिंकायला हवं होतं, म्हणून लिहिलं होतं. ते खोडून मी बाईंचं वाक्य लिहिलं. वाईट वाटायला हवं होतं. अक्षर चांगलं आलंय एवढंच लक्षात आलं.

मला माहीत नव्हतं असंही नाही. उन्हाळ्यापासून शर्टाची बटणं लागायला वेळ लागत होता. खिशात हात घातला की किल्ली कुठली आणि नाणं कुठलं ते बाहेर काढून बघावं लागायचं. चहाचा पेला एकदा इतका वेळ धरून ठेवला की समोरचा म्हणाला, हात भाजत नाही का तुमचा? मी म्हणालो, सवय आहे. ऑफिसात त्याचं कौतुकच झालं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं म्हणून मी ते पुढे ढकलत होतो. आणि खरं सांगायचं तर त्रास काही नव्हता. दुखत असतं तर माणूस जातो. जे वाटत नाही त्याची तक्रार घेऊन कुणाकडे जायचं?

पुढचं काम मागच्या सीटचं. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. ड्रायव्हरची सीट आधी स्वतःच्या मापाने लावायची, मग उतरून तिच्याच मागे जाऊन बसायचं आणि गुडघ्यापुढे किती मुठी उरतात ते बघायचं. म्हणजे आपण स्वतःच्या मागे बसायचं. बावीस वर्षं मी हे करतोय आणि बावीस वर्षं मला समोरची रिकामी सीट बघून तेच वाटतं, की हा माणूस आत्ता होता इथे. राखाडीत दोन मुठी उरल्या. तांबडीत जाऊन बसलो, एक मूठसुद्धा धड जाईना. मूठ तिथेच अडकवून मी बसून राहिलो. समोर काच, काचेपलीकडे मैदान, आणि बाई पाठमोऱ्या. काचेतून असंच मी आठ महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारीही बघत होतो. आईच्या खोलीची खिडकी हॉस्पिटलच्या पार्किंगवर उघडायची. तीन दिवस मी तिथे बसून गाड्या ओळखत होतो. वरून नुसतं छप्पर दिसलं तरी मला गाडी सांगता येते. चौथ्या दिवशी दुपारी मी आईचा उजवा हात धरून बसलो होतो. धरून म्हणजे अंगठा खाली आणि दोन बोटं वर, पकडायचं नाही. ती सकाळपासून झोपूनच होती, श्वास मध्येच लांबत होता, पण तसा तो दोन दिवस लांबतच होता. नर्स साडेतीनला बघून गेली. पावणेचारला ताईचा फोन आला.

ताई घरोघरी जाऊन लोकांकडून व्यायाम करून घेते. कुणाचा गुडघा बदललेला असतो, कुणाचा खांदा धरलेला असतो, कुणी पडून उठलेलं असतं. त्या दिवशी तिचे तीन पेशंट होते, दोन झाले होते, तिसरा चालू होता. तिने विचारलं, कशी आहे? मी म्हणालो, झोपलीय. मग तिने विचारलं, “हात बघ. गरम आहे का?” तिच्या धंद्यात ते विचारतात, माणूस जायला लागलं की हातपाय आधी गार पडतात. मी हात धरलेलाच होता. मी म्हणालो, “गरम आहे.” तिने विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “नक्की. सावकाश ये.” ती पाच वाजून दहा मिनिटांनी आली. पिशवी खाली ठेवली, आईचा दुसरा हात उचलला, आणि परत चादरीवर ठेवला. बाहेर जाऊन नर्सला म्हणाली, “हिला जाऊन तास होऊन गेलाय.” मला काही म्हणाली नाही. मी अजून हात धरूनच बसलो होतो. चार दिवसांनी, आईच्या कपाटातले कपडे काढताना, तिने पाठमोरीच विचारलं, “तुला झोप लागली होती का रे?” मी हो म्हणालो. ते सगळ्यात सोपं होतं. झोप कुणालाही लागते, तीन रात्रींचं जागरण होतं, आणि झोपलेल्या माणसाला कुणी फार काही बोलत नाही. पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं, की डोळा लागला असेल.

पण लागला नव्हता. तांबडीच्या मागच्या सीटवर मूठ अडकवून बसलो असताना मला ते स्पष्ट आठवलं. पावणेचार ते पाच वाजून दहा, मी त्या पार्किंगमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या मोजल्या होत्या. आठ आल्या, पाच गेल्या. एका पांढऱ्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता. मी जागा होतो. माझ्या हातात तिचा हात होता आणि तो गार होत गेला आणि मी गाड्या मोजत होतो. आठ महिने मी त्याला झोप म्हणत होतो. हे आठवल्यावर छातीत काहीतरी व्हायला हवं, मी वाट बघितली. मूठ काढायचा प्रयत्न केला, ती निघेना, सीट पुढे सरकवायला बाईंना हाक मारावी लागली. “काय चाललंय आज तुमचं,” त्या म्हणाल्या. मुठीच्या कडेला लाल वळ उठला होता.

ताईचा निरोप दुपारीच येऊन पडला होता. ‘पाचला शोरूमवर ये. तू म्हणशील ती घेते आणि मोकळी होते. मापाड्या, उशीर करू नकोस.’ तिला गाडी हवी होती. घडीचं टेबल, चटया, रबरी पट्ट्या एवढं सगळं घेऊन ती इतकी वर्षं बसने फिरली, आणि मागच्या वर्षी बसच्याच पायरीवरून घसरून तिचं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवली आहे. मिक्सर धरला तरी ठणकतं म्हणते. तिच्या बजेटात बसणाऱ्या नेमक्या ह्याच दोन गाड्या होत्या, दोन्ही एकाच शोरूममध्ये मिळणाऱ्या, आणि काल फोनवर मी तिला सांगून बसलो होतो, राखाडी घे, टेबल आडवं बसतं, आणि स्टिअरिंगचं म्हणशील तर अगदी गप्प आहे, तुझ्या मनगटाला काही होणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. रोज सहा सहा घरं, प्रत्येक सिग्नलला ती थरथर कोपरापर्यंत, त्या पट्टीतून. हे तर बदलायलाच हवं होतं. प्रश्न एवढाच होता की कसं. तांबडी घे, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. ती माझं ऐकते. का म्हणून विचारलं तर काहीतरी सांगता आलं असतं. पण बोटांचं सांगितलं की ती विचारणार कधीपासून, आणि तिच्यासारख्या बाईला हिशोब मागे न्यायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. ती त्या दुपारपाशी येऊन थांबणार. झोपलेला भाऊ तिने आठ महिने कसाबसा पदरात घेतला होता. जागा असलेला कसा घेतला असता? वाटेत मी तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं, तांबडी घे. चांगलं येत होतं.

शोरूममध्ये ती दारापाशीच खुर्ची टाकून बसली होती, पिशवी मांडीवर, पिशवीतून टेबलाचा एक पाय बाहेर. “आलास? मला वाटलं कुठेतरी माप घेत बसला असशील,” ती म्हणाली. मी म्हणालो, ट्रॅफिक होता. “बरं, पेनसुद्धा आणलंय मी. राखाडी ना?”

“तांबडी घे,” मी म्हणालो.

तिने पेनाचं टोपण परत लावलं. “काल राखाडी म्हणालास. टेबल आडवं बसतं म्हणालास.”

“बसतं. पण तांबडी घे.”

“का?”

“इंजिन चांगलंय.”

“मग काल काय वाईट होतं?”

शोरूमची मुलगी हातात माहितीपत्रकं घेऊन मध्ये आली आणि म्हणाली, “मॅडम, तशा दोन्ही खूप छान आहेत.” ताईने तिच्याकडे बघून मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तुकडे तोलताना बघायची तशी. मग उठली. “हातच्या काकणाला आरसा कशाला,” ती म्हणाली, “चल, बसून बघू.” शोरूमची राखाडी बाहेर अंगणात उभी होती. ती ड्रायव्हरच्या जागी बसली, मी शेजारी. तिने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला, इंजिन चालू केलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. लगेच उचलले. परत ठेवले, आता नुसते टेकवून. “अरे,” ती म्हणाली, “हे काय आहे?”

मी समोर बघत होतो. “म्हणूनच म्हणतोय, तांबडी घे.”

“काल हे नव्हतं?”

“होतं.”

“मग काल गप्प कशी होती ही?”

तिने माझा हात माझ्या मांडीवरून उचलला. विचारलं नाही; तिला लोकांचे हात उचलायची सवय आहे. मनगट आत दुमडलं, अंगठ्याखालचा मांसल भाग चिमटीत धरून बघितला, दुसऱ्या हाताशी ताडून बघितला. तिचा चेहरा पेशंटसमोर असतो तसा झाला. “डोळे मीट,” ती म्हणाली. मी मिटले. “कुठल्या बोटाला लावतेय ते सांग.” पेनाचं टोक असावं. “आता?” मी म्हणालो, “करंगळी.” “बरोबर. आता?” मी थांबलो. “नाही कळत.” “आता?” “नाही.” “आता?” “अजून लावलंच नाहीस.”

“लावलंय,” ती म्हणाली.

मी डोळे उघडले. मधल्या बोटाच्या पेरावर निळा ठिपका होता, टोक चांगलं रुतलेलं. “साखर तपासलीस?” तिने विचारलं. मी म्हणालो, नाही. “उद्या तपासायची. आणि मी नाव देते त्या डॉक्टरकडे जायचं, मनगटातली नस दबलेली असेल.” मग तिने विचारलं, “कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. बटणं लागत नव्हती.”

“बटणापर्यंत यायला महिनेच्या महिने लागतात. आधी गरम-गार जातं. कधीपासून?”

गाडी चालू होती. दातांत काही वाजत नव्हतं, मी ताठ बसलो होतो. बाहेर ती मुलगी एका टायरवरची धूळ फडक्याने पुसत होती. मला खरंतर अजूनही उन्हाळा म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.”

ताईने पेनाला टोपण लावलं.

“मी जागा होतो. हात धरूनच होतो. तू विचारलंस गरम आहे का. गार लागत नव्हता, म्हणून गरम म्हणालो.”

“लागत काय होता?”

“काहीच नाही.”

“मग तसं सांगायचं होतंस.”

“तसं सांगता येतं हे सुचलंच नाही,” मी म्हणालो. आणि हे अगदी खरं होतं, ऐकायला कितीही बावळट लागलं तरी. तिने ‘गरम आहे का’ विचारलं, मी दोन चौकोन बघितले आणि एक भरला. तिसरं काही लिहिता येतं हे बावीस वर्षांत विसरायला झालं होतं.

ती समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागली, हळू, हिशोब लावल्यासारखं. त्या आजोबांचा गुडघा वीसदा वाकवायचा होता. बारा झाले होते तेव्हा तिने मला फोन केला होता. गरम आहे म्हटल्यावर तिने उरलेले आठ करून घेतले, आणि मग ते आजोबा खुशीत आले म्हणून त्यांना एक जिना उतरवून, चढवून दाखवला. त्यांच्या सुनेने चहा केला, तो प्यायली. “चहा प्यायले रे मी,” ती म्हणाली. “आठ महिने मला वाटायचं, हा तिथे झोपला आणि मी इथे चहा प्यायले, कुणाला काय बोलायचं.” तिचा आवाज बदलला नाही. माझंही काही बदललं नाही, फक्त मला फार वाईट वाटत होतं. वाईट वाटतंय हे मला बऱ्याच दिवसांनी नीट कळत होतं.

“कोपराच्या वर गरम होती,” ती मध्येच म्हणाली.

“काय?”

“मी आले तेव्हा. हात आधी जातो, पंजा गारच होता. पण कोपराच्या वर चांगली गरम होती ती. काखेत तर अगदी.”

“तू नर्सला तास झाला म्हणालीस.”

“रागात म्हणाले. तेवढा नसेल झाला.”

मी तिच्याकडे बघितलं. ती अजून समोरच बघत होती. पावाचे तुकडे मी तोलायचो तेव्हा तिने कधी उलट तपासलं नव्हतं. आता ती तोलून सांगत होती आणि माझ्याकडे तपासायला काहीच नव्हतं. मी म्हणालो, “बरं.”

मुलगी फॉर्मची पाटी घेऊन खिडकीशी आली. “कोणती करायची, मॅडम?” ताई म्हणाली, “तांबडी. टेबल मागच्या सीटवर आडवं टाकीन.” मुलीने पाटी आत दिली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. ताईने पाटी स्टिअरिंगवर टेकवली आणि सही करायला लागली. इंजिन चालूच होतं, कागद सारखा शहारत होता, पाटी घसरत होती. नावाचं पहिलं अक्षर रेघेबाहेर गेलं, तिने पाटी पोटाने अडवली आणि पुन्हा पेन टेकवलं. अगं, दुसऱ्या हाताने धर ना, असं मी म्हणणार होतो, म्हणून खाली बघितलं. दुसऱ्या हातात तिने माझी तीन बोटं धरून ठेवली होती. घट्ट धरली होती, हे तिच्या पांढऱ्या पडलेल्या नखांवरून दिसत होतं.